प्रोग्रामरचे मत आणि मतामागचे कष्ट

मोठ्या माणसांची चरित्रे लिहिताना त्यांच्या पदव्या, ग्रंथ आणि सन्मान यांची नोंद न चुकता होते. परंतु त्यांची रोजची साधी मते, म्हणजे कोणते अवजार हाताला बरे वाटते, कशाचा वीट येतो, कोणते सूर आवडतात, ही बहुधा नोंदीविना नाहीशी होतात. इतिहासाच्या अभ्यासकाला मात्र अशा मतांतूनच माणूस खरा उमगतो. याच हेतूने आम्ही येथे एका प्रोग्रामरची मते वाचकांपुढे ठेवीत आहोत. सॉफ्टवेअर, यंत्र आणि संगीत या तिन्ही विषयांवर त्यांना ठाम मते आहेत. आणि मत कसे बाळगावे याचा धडा त्यांत आहे.

हे गृहस्थ म्हणजे अमेरिकेतील स्टॅनफर्ड विद्यापीठाचे निवृत्त प्राध्यापक डोनाल्ड क्नूथ. त्यांचा जन्म १० जानेवारी १९३८ रोजी मिलवॉकी या शहरी झाला. वडील शिक्षक होते आणि त्यांचा एक लहानसा छापखानाही होता. महाविद्यालयात जाताना संगीत घ्यावे की भौतिकशास्त्र, असा प्रश्न या मुलापुढे होता. त्याने विज्ञानाची वाट धरली आणि तेथे त्याची गाठ आयबीएम ६५० या संगणकाशी पडली. त्या यंत्राची स्मृती म्हणजे एक फिरता चुंबकीय ढोल. त्यावर साधारण २००० संख्या मावत. आजच्या साध्या मोबाइलपुढे ते खेळणेच ठरेल. यंत्रासोबतची पुस्तिका वाचून या विद्यार्थ्याचे मत झाले की, तीत दिलेल्या नमुन्यांपेक्षा चांगला प्रोग्राम आपण लिहू शकू. ते मत त्याने नुसते बोलून दाखविले नाही, तर लिहून सिद्ध केले. पुढे १९६८ साली त्यांच्या 'द आर्ट ऑफ कॉम्प्युटर प्रोग्रामिंग' या ग्रंथमालेचा पहिला खंड प्रसिद्ध झाला, तेव्हा त्यांनी ही ग्रंथमाला त्याच यंत्राला अर्पण केली. यंत्राविषयी कृतज्ञता बाळगणारा माणूस यंत्राचा गुलाम नसतो, हे येथे ध्यानात घ्यावे.

क्नूथ यांच्या सर्वांत प्रसिद्ध मताचा उगम एका तक्रारीत आहे. त्यांच्या ग्रंथाचे पहिले खंड शिशाच्या खिळ्यांनी जुळविलेले होते. १९७७ च्या सुमारास दुसऱ्या खंडाची नवी आवृत्ती निघू लागली, तोवर प्रकाशकांकडे छायाजुळणी आली होती. नव्या पद्धतीची मुद्रिते पाहून क्नूथ खिन्न झाले. अक्षरे बेढब होती आणि गणिताची सूत्रे डोळ्यांना खुपत होती. दुसरा कोणी असता तर प्रकाशकाला चार कडक शब्द लिहून मोकळा झाला असता. क्नूथ यांनी विचार केला की, कागदावर कोठे शाई आहे आणि कोठे नाही एवढेच अक्षर म्हणजे असेल, तर तो शून्य आणि एक यांचाच प्रश्न आहे. आणि शून्य-एक हा तर आपलाच विषय. काम वर्षभरात उरकेल असा त्यांचा अंदाज होता. प्रत्यक्षात त्यात जवळजवळ दहा वर्षे गेली. त्यातून 'टेक' ही जुळणीची प्रणाली आणि 'मेटाफाँट' ही अक्षरे रेखण्याची प्रणाली जन्मली. जगभरातील गणिताचे लेखन आज मोठ्या प्रमाणावर याच प्रणालीने किंवा तिच्यावर उभ्या राहिलेल्या साधनांनी जुळविले जाते. तिचा मूळ प्रोग्राम त्यांनी सर्वांना मोफत खुला केला. नेदरलँड्समधील फ्रान्स वेल्टहाउस यांनी पुढे टेकसाठी देवनागरी अक्षरे रेखली. निर्णयसागर छापखान्याचे सुबक टंक ज्यांच्या ओळखीचे आहेत, त्या मराठी वाचकाला अक्षरासाठी दहा वर्षे खर्च करणारा माणूस परका वाटण्याचे कारण नाही.

सॉफ्टवेअरविषयीचे त्यांचे दुसरे मत आम्हां शिक्षकांना विशेष प्रिय आहे. प्रोग्राम हा आधी माणसाने वाचावा म्हणून लिहायचा असतो. यंत्र तो पाळते ही नंतरची गोष्ट, असे ते मानतात. हा विचार त्यांनी १९८४ साली एका निबंधात मांडला आणि टेकचा संपूर्ण प्रोग्राम पुस्तकरूपाने छापून तो आचरणातही आणला. आपल्या ग्रंथातील चूक प्रथम दाखविणाऱ्यास ते २ डॉलर ५६ सेंट बक्षीस देतात. २५६ म्हणजे दोनचा आठवा घात, हा त्यातील विनोद. हे धनादेश पुष्कळ जणांनी वटविलेच नाहीत. चौकटीत घालून भिंतीवर लावले. टेकच्या आवृत्तीचा क्रमांकही प्रत्येक दुरुस्तीबरोबर पायच्या किमतीजवळ सरकतो. २०२१ साली तो ३.१४१५९२६५३ झाला. परिपूर्णतेकडे जात राहायचे, पण आपण परिपूर्ण झालो असे म्हणायचे नाही, हा त्याचा अर्थ. ज्या वर्गात चूक दाखविणाऱ्या मुलाला 'उद्धट' म्हणून खाली बसविले जाते, त्या वर्गाने हे वाचावे.

यंत्रांविषयीची त्यांची मते आजच्या बाजाराला रुचणारी नाहीत. १ जानेवारी १९९० पासून त्यांनी ईमेल वापरणे सोडून दिले, कारण सखोल अभ्यासाला सलग वेळ लागतो. २००८ सालच्या एका मुलाखतीत त्यांनी सांगितले की, महत्त्वाचे काम आपण उबुंटू लिनक्स असलेल्या आणि इंटरनेटला न जोडलेल्या लॅपटॉपवर करतो. एकाच चकतीवर अनेक गाभे बसविण्याच्या पद्धतीवरही त्यांनी टीका केली. यंत्र घडविणाऱ्यांच्या कल्पना संपल्या असून ते आपला भार प्रोग्राम लिहिणाऱ्यांवर ढकलीत आहेत, असा त्यांचा आक्षेप होता. चित्रनिर्मिती किंवा नैसर्गिक घडामोडींचे संगणकीय प्रतिरूप अशा कामांना या पद्धतीचा उपयोग आहे, हेही त्यांनी त्याच वेळी मान्य केले. पुढे बहुगाभ्यांचे संगणक घरोघरी आणि खिशाखिशांत पोहोचले. म्हणजे काळ त्यांच्या मताप्रमाणे चालला नाही. तरीही त्या मताचे मोल कमी होत नाही, कारण त्यामागे कारणे होती, आणि कारणे असलेल्या मताशीच वाद घालता येतो.

राहिले संगीत. क्नूथ यांच्या घरात पाइप ऑर्गन आहे. आपल्या संगीत नाटकांतून ओळखीचा झालेला पायपेटीचा ऑर्गन वेगळा. हा भिंतभर नळ्यांचा. विज्ञानाची वाट धरताना संगीत त्यांनी टाकून दिले नाही. पुष्कळ वर्षे मनात घोळविलेली 'फँटेझिया अपोकॅलिप्टिका' ही ऑर्गनसाठीची दीर्घ रचना त्यांनी पूर्ण केली आणि तिचा पहिला प्रयोग स्वीडनमधील पितिओ येथे १० जानेवारी २०१८ रोजी, त्यांच्या ऐंशीव्या वाढदिवशी झाला. संगणकशास्त्राच्या महाग्रंथाचे काम अपुरे असतानाही त्यांनी या रचनेला वेळ दिला. तो वाया गेला असे त्यांना वाटले नाही.

यावर कोणी म्हणेल, 'हे स्टॅनफर्डच्या प्राध्यापकाला शोभते. नोकरीच्या शोधातील आमचा मुलगा ईमेल बंद कसा करील? आणि घरात ऑर्गन कोठून आणील?' हा आक्षेप रास्त आहे. वसतिगृहातून शिकून पुण्यात वा बंगळुरात नोकरी करणाऱ्या आमच्या माजी विद्यार्थ्याला वरिष्ठांच्या निरोपाचे उत्तर रात्रीही द्यावे लागते, हे आम्ही जाणतो. क्नूथ यांच्या सवयींचे अनुकरण करा, असे आमचे म्हणणे नाहीच. त्यांच्या मतामागची रीत मात्र घेता येते आणि तिला पैसे पडत नाहीत. उबुंटू फुकट मिळते. टेक फुकट मिळते. कार्यालयांनी मोडीत काढलेले संगणकही साध्या लिनक्सवर पुष्कळदा कामाला येतात. कागद आणि पेन्सिल तर प्रत्येक मुलाच्या दप्तरात आहे.

आज आमच्या मुलांना फोनविषयी, ॲपविषयी, गाण्यांविषयी भरपूर मते आहेत. परंतु त्यांतील किती त्यांची स्वतःची आणि किती जाहिरातींची, हा खरा प्रश्न आहे. केवळ वापरणाऱ्याचे मत बाजार बनवितो आणि बाजारच बदलतो. घडविणाऱ्याचे मत त्याच्या हातांतून येते. आमची मुले संगणकाच्या क्षेत्रात केवळ वापरणारी आणि सांगितले तेवढे करणारी राहिली, तर पगार येईल, पण निर्णय दुसरेच कोणी घेत राहील.

म्हणून पालकांना आमची विनंती आहे की, दहावीनंतर 'आता कॉम्प्युटरची लाइन धरली' म्हणून मुलाची ढोलकी किंवा मुलीची पेटी माळ्यावर टाकू नका. माजी विद्यार्थ्यांना विनंती आहे की, शाळेला नव्या यंत्रांची देणगी अवश्य द्या, पण वर्षातून दोन दिवस येऊन मुलांना एखादा प्रोग्राम ओळीओळीने वाचून दाखवा. आणि विद्यार्थ्यांनो, तुम्हांला एखादी गोष्ट वाईट वाटली, तर तसे निर्भयपणे म्हणा. का वाईट वाटली ते कागदावर लिहा. आणि जमल्यास तिच्याहून चांगली करून दाखवा.