शब्दांचं मूळ गाव : डोमिसाइल

महाराष्ट्रात शिकलेल्या प्रत्येकाला ‘डोमिसाइल’ हा शब्द ठाऊक आहे. बारावीनंतर कॉलेजच्या प्रवेशासाठी तहसील कचेरीत खेटे घालून मिळवायचा तो कागद! १५ वर्षं महाराष्ट्रात राहिल्याचे पुरावे जोडा, शिक्का घ्या, झालं. माझाही तो कागद ब्रिटिश पासपोर्टाशेजारी त्याच फाईलमध्ये आहे. इथे मृत्युपत्र करायला गेले तेव्हा वकीलबाईंनी पहिला प्रश्न विचारला तो याच शब्दाचा. पण त्यांचं डोमिसाइल निराळं होतं.

शब्दाच्या पोटात लॅटिन ‘डोमुस’ आहे, म्हणजे घर. पंधराव्या शतकात तो फ्रेंचमार्गे इंग्रजीत आला. ‘डोमुस’ची संस्कृतातली बहीण म्हणजे वेदांतला ‘दम’, अर्थ तोच, घर. ‘दंपती’ म्हणजे मुळात घराचे धनी. तेव्हा हा शब्द आपल्याला तसा परका नाही, दूरच्या नात्यातलाच म्हणायचा. मराठी सरकारी भाषेत त्याला ‘अधिवास’ म्हणतात.

इंग्रजी कायद्याने मात्र या घराला वेगळाच अर्थ दिला. तुम्ही कुठे राहता हे बिऱ्हाड झालं. डोमिसाइल म्हणजे कायद्याच्या दृष्टीने तुमचं कायमचं घर कोणतं, ते. ते प्रत्येकाला जन्मतःच मिळतं, आणि तेही जन्मस्थळावरून नाही, तर सामान्यतः वडिलांच्या डोमिसाइलवरून! लेस्टरच्या इस्पितळात जन्मलेल्या बाळाचं डोमिसाइल भारताचं असू शकतं. ‘तुमचं मूळ गाव कोणतं?’ असं आपल्याकडे विचारतात, तसलाच हा प्रकार. लग्न झालेल्या बाईचं डोमिसाइल तर १९७४ उजाडेपर्यंत आपोआप नवऱ्याचंच असायचं.

हे मूळ गाव सुटता सुटत नाही. विनान्स नावाचे एक अमेरिकन गृहस्थ प्रकृतीसाठी ब्रायटनला आले आणि भाड्याच्या घरात राहिले. १८९७ मध्ये वारले तेव्हा इंग्लंडशी ३७ वर्षांचा संबंध झाला होता. पण बाल्टिमोरला परतून जहाजं बांधायची हे त्यांचं स्वप्न शेवटपर्यंत टिकून होतं. हाउस ऑफ लॉर्ड्सने १९०४ मध्ये सांगितलं, हे इंग्लंडचे झालेच नाहीत. ग्लासगोच्या जॉर्ज बोवींची तऱ्हा उलटी. ३६ वर्षं लिव्हरपूलला राहिले, आईच्या अंत्यविधीलाही ग्लासगोला गेले नाहीत. तरी १९३० मध्ये निकाल आला की हे स्कॉटलंडचेच! त्यामुळे साक्षीदारांशिवाय हाताने लिहिलेलं त्यांचं मृत्युपत्र स्कॉटिश कायद्याने वैध ठरलं. थोडक्यात, कायदा नुसती वर्षं मोजत नाही, मनातला बेत शोधतो. आणि बेत बदलला असं जो म्हणेल, त्याने तो सिद्ध करायचा.

आता आपल्या घरांत डोकावा. ‘मुलांचं शिक्षण झालं की परत जाऊ’ हे वाक्य कुणी म्हटलेलं नाही? आपण ते सहज बोलतो, पण आपल्यामागे वकील त्याचाच पुरावा शोधतात. ६ एप्रिल २०२५ पासून वारसा कराचा मुख्य नियम डोमिसाइलवरून वास्तव्यावर आला. मागच्या २० करवर्षांपैकी १० वर्षं इथले करनिवासी असाल तर जगभरची मालमत्ता हिशेबात येते, म्हणजे पुण्याचा फ्लॅटही. तरी शब्द निवृत्त झालेला नाही. मृत्युपत्र, वारसा, घटस्फोट यांत तो आहेच, आणि भारत-ब्रिटन यांच्यातल्या १९५६ च्या करारामुळे करातही तो अजून डोकावतो. म्हणून वकिलाचा सल्ला घ्याच. पण त्याआधी नवरा-बायकोने एकमेकांना विचारून घ्यावं, आपला बेत नक्की काय आहे? उत्तर लिहून ठेवावं आणि मुलांनाही सांगावं. आपल्यामागे त्यांना आपल्या मनाचा अंदाज बांधत बसायला लागू नये.

गंमत म्हणजे, तहसील कचेरीतल्या त्या शब्दाबद्दल भारताच्या सर्वोच्च न्यायालयाने १९८४ मध्येच बजावलं होतं, की राज्याचं असं वेगळं डोमिसाइल नसतं, भारताचं एकच असतं. पण लोक ऐकतात थोडेच? महाराष्ट्रात आजही प्रवेशाच्या रांगेत ‘डोमिसाइल आणलंय का?’ असंच विचारतात.