चक्रवाढ डाग

आपण पाहुण्यांना दिवाणखाना दाखवतो आणि पाहुणे बघून जातात संडास. चहा झाला की पाहुणा "जरा जाऊन येतो" म्हणून उठतो आणि यजमानाच्या पोटात गोळा येतो. कारण आत, भांड्याच्या मागच्या बाजूनं उतरलेला तो पिवळा-तपकिरी ओघळ! आमच्याकडे तो सहा वर्षं भाडं न देता राहत होता.

या डागाबाबत आपल्या समाजात एकच पंथ आहे : ॲसिड पंथ. आमच्या शेजारचे नाना त्याचे मठाधिपती. "ओता ॲसिड, घासा तारेनं!" हा त्यांचा गुरुमंत्र. पण नानांचा संडास एकदा बघाच. शहाबादी फरशी पडली चुनखडीची. ॲसिडनं तिला असं खाल्लंय की पाऊल टाकताना चंद्रावर उतरल्यासारखं वाटतं. सांध्यांतलं सिमेंट गेलं, नळ काळवंडला. तारेनं भांड्याची चकाकी ओरखडली आणि त्या ओरखड्यांत नवा डाग जुन्यापेक्षा लवकर बसला. थोडक्यात, संडास खंगला, डाग ठणठणीत!

तरी गेल्या दिवाळीत मी या पंथाची दीक्षा घेतली. म्हणजे काय, तर ॲसिडची बाटली आणून कामाच्या मावशींच्या हातात दिली. त्यांनी आत आधीच ब्लीचिंग पावडर टाकली होती. ते विचारायचं मला सुचलं नाही, बी.कॉम.ला रसायनशास्त्र नसतं. ही दोन एकत्र आली की क्लोरिन वायू निघतो. १९१५ साली पहिल्या महायुद्धात सैनिकांवर सोडला होता, तोच! मावशी डोळे पुसत, खोकत बाहेर आल्या. हिनं त्यांना गॅलरीत मोकळ्या हवेत बसवलं. श्वास लागल्यावर त्या एवढंच म्हणाल्या, "काका, डाग तुमचा आन् खोकला मला का?"

बँकेच्या काउंटरवर वीस वर्षं मी लोकांची बोलणी खातोय. पण इतकं बिनतोड वाक्य एकाही खातेदारानं ऐकवलं नव्हतं.

मग मी डागाचं खातं तपासायला घेतलं. डाग म्हणजे नुसती घाण नव्हे. आमचं पाणी बोअरचं. त्यात क्षार आणि लोह. फ्लशच्या टाकीतून थेंब-थेंब गळतो, सुकतो, क्षार मागे ठेवतो, त्यावर पुढचा थेंब. हे तर चक्रवाढ व्याज! आपण खाली व्याज घासत बसतो आणि मुद्दल वर टाकीत सुखात असतं.

मुद्दल शोधायला हिची कपड्यांची नीळ कामाला आली. टाकीत थोडी नीळ टाकली आणि अर्धा तास कुणाला आत जाऊ दिलं नाही. चिरंजीव दाराबाहेर येरझारा घालत होते. पाणी न सोडताच भांड्यात निळा ओघळ उतरला. गळती पक्की! प्लंबरनं टाकीतला झिजलेला वॉशर बदलला. मग रात्री भांड्यातलं पाणी कमी करून, जुन्या फडक्याच्या पट्ट्या व्हिनेगरमध्ये भिजवून डागावर चिकटवल्या. सकाळी पट्ट्या काढून साध्या ब्रशनं घासलं. तीन रात्रींत सहा वर्षांचा भाडेकरू बाहेर! व्हिनेगर नसेल तर लिंबूसत्त्व कोमट पाण्यात विरघळवून चालतं. एकच पथ्य : यांतलं काहीही ब्लीचिंग पावडरच्या सोबतीला पाठवायचं नाही. आता गळती बंद आणि रोज एकदा ब्रश. डागाला पाय ठेवायला जागा नाही.

हे इतकं सोपं असताना ॲसिड पंथ फोफावला का? कारण बाटली दुसऱ्याच्या हातात देता येते. त्या पंथाचं खरं तत्त्व 'डाग आपला, हात दुसऱ्याचा' हेच आहे. १९०१ च्या कलकत्ता काँग्रेसमध्ये संडासांची दैना झाली होती आणि स्वयंसेवक म्हणत होते, हे आमचं काम नव्हे. गांधीजींनी झाडू मागून घेतला. त्याला सव्वाशे वर्षं होत आली. झाडू अजून तिथेच आहे, आपण हात खिशातून काढत नाही.

आमच्या घरी आता ब्रश माझ्याकडे असतो. परवा नानांनी दारातून पाहिलं आणि हळहळले, "अहो, बँकेतला माणूस तुम्ही! हे काम तुम्ही करायचं?"

म्हटलं, "नाना, खातं माझं आहे. भरणाही मलाच करायला हवा."