सोप्या वाटेवरचं गाव कुठं गेलं?



मागच्या बैठकीत एक नकाशा हातोहात फिरला. आपल्या शहरातल्या एका मित्राच्या भावाने तो अमेरिकेतून आणलेला. तिथल्या योसेमिटी नावाच्या राष्ट्रीय उद्यानाचा. बैठकीत तो आला त्याला कारण होतं. आपल्या खोऱ्यातल्या नदीकाठाने 'निसर्ग पायवाट' काढायची असं साहेब लोकांनी मनात घेतलंय, हे तुम्हाला माहीतच आहे. मित्र म्हणाला, तुमच्याकडे व्हायचं ते असंच काहीतरी असेल, बघून घ्या.

नकाशावर एक वाट ठळक केलेली होती. आरसे तळ्याची वाट. दरीतून निघायचं, ओढ्याच्या एका काठाने वर जायचं, तळं बघायचं, आणखी वर जाऊन पूल ओलांडायचा आणि दुसऱ्या काठाने खाली यायचं. जिथून निघालो तिथंच परत. सगळी मिळून ८ किलोमीटर. चढ फारसा नाही. दोन-तीन तासांत होते, पोरंबाळं, म्हातारी माणसं कुणीही जाऊ शकतं. वर उभा कडा, खाली गार पाणी, झाडी. चित्र खरंच सुंदर आहे, खोटं कशाला बोला.

आपल्यातल्या एका आजीने नकाशा बराच वेळ पाहिला. मग विचारलं, "यात गावं कुठं हायेत?" मित्र म्हणाला, "आजी, गाव नाही. ते रानच आहे, माणूस राहत नाही तिथं." आजी म्हणाली, "मग वाट कुणी पाडली?"

मित्राकडे उत्तर नव्हतं. आमच्याकडेही नव्हतं. म्हणून मिळेल ते वाचलं, विचारलं. जे कळलं ते इथं सांगतो आणि आमचं मतही सांगतो.

त्या दरीचं जुनं नाव आवानी. तिथं राहणारे ते आवानीची. त्यांचं मुख्य अन्न म्हणजे ओक झाडाची फळं. ती कडू असतात. फोडायची, वाळवायची, खडकातल्या उखळात कुटायची, पिठावर पाणी ओतून ओतून कडूपणा काढायचा, मग शिजवायचं. आपल्याकडे कडूकंद चकत्या करून रात्रभर वाहत्या पाण्यात ठेवतात, तसंच. खडकात कोरलेली ती उखळं त्या दरीत अजून ठिकठिकाणी आहेत. दगड आहेत म्हणून राहिली.

आणि ती माणसं झाडाखालचा पाला जाळायची. फळ वेचायला जमीन साफ व्हावी, कीड मरावी, गवत फुटावं, ओकवर दुसरी झाडं चढू नयेत म्हणून. मोहाखाली आपण का जाळतो ते ज्याला ठाऊक आहे त्याला हे वेगळं समजावून सांगायची गरज नाही. गोरे लोक पहिल्यांदा दरीत आले तेव्हा त्यांना मोठमोठी मोकळी कुरणं आणि मधे ओकची झाडं दिसली. त्यांना वाटलं, देवाने बाग लावलीय. बाग देवाची नव्हती, त्या माणसांच्या हातची होती.

१८४८ साली कॅलिफोर्नियात सोनं सापडलं आणि लोंढे आले. १८५१ साली सरकारने उभी केलेली स्वयंसेवकांची पलटण दरीत शिरली. झोपड्या जाळल्या, हिवाळ्यासाठी साठवलेली ओकची फळं जाळली. घर जाळलं तर माणूस दुसरं बांधतो. कणगी जाळली तर पोटासाठी खाली उतरावंच लागतं. त्यांच्या मुखियाचं नाव तेनाया. त्याच्या एका पोराला पकडून गोळी घातली. पुढे तेनायाही सापडला.

पलटणीतल्या डॉक्टरने ही हकीकत नंतर लिहून ठेवली आहे. वर डोंगरात एक मोठं तळं आहे, तिथं ही माणसं पकडली. डॉक्टरने तेनायाला सांगितलं की आम्ही या तळ्याला तुझं नाव दिलंय. तेनाया म्हणाला, या तळ्याला नाव आहे आधीच. पीवीॲक. त्याला आनंद झाला नाही, हे डॉक्टरनेच लिहून ठेवलंय.

आता परत नकाशा घ्या. आरसे तळ्याची ती सोपी वाट ज्या ओढ्याच्या काठाने जाते, त्या ओढ्याचं नाव काय? तेनाया ओढा. माणूस हाकलला, पोरगा मारला आणि नाव पाण्याला दिलं. आपल्याकडे फार वेगळं नाही. ताडोबा हे नाव गोंडांच्या तारू देवावरून पडलं. देवाचं ठाणं तळ्याकाठी आहे. देव आत राहिला, त्याला पुजणारी गावं बाहेर काढली.

पुढचा भाग आम्हाला जास्त महत्त्वाचा वाटतो. कारण बंदुकीची गोष्ट सगळ्यांना कळते. नंतर जे झालं ते हळूहळू झालं, कागदावर झालं.

१८६४ साली अमेरिकेच्या सरकारने ती दरी लोकांच्या विहारासाठी राखून ठेवली. १८९० साली भोवतालचा मुलूख राष्ट्रीय उद्यान झाला, १९०६ साली दरीही त्यात गेली. दरम्यान आवानीची आणि शेजारची माणसं परत आली होती. कुठं जाणार? हॉटेलात धुणीभांडी, लाकूड फोडणं, मासे धरून विकणं, टोपल्या विणून पाहुण्यांना विकणं, असं जगत होती. १९१६ ते १९२९ या काळात तिथं 'इंडियन दिवस' भरवायचे. या माणसांना दूरच्या दुसऱ्याच जमातींची पिसांची टोपरी घालायला लावायचे, कारण बघणाऱ्यांना तसलेच इंडियन हवे असायचे. (आपल्याला मंत्र्यापुढे नाचायला नेतात तेव्हा कमरेला काय बांधायला लावतात ते आठवा.)

१९३० नंतर त्यांची जुनी वस्ती काढून उद्यानाने १५ लहान घरं बांधून दिली. भाडं घेऊन. म्हणजे आपल्याच दरीत भाडेकरू. मग १९५३ साली नियम आला की जो उद्यानाचा कायम नोकर त्यालाच आणि त्याच्या घरच्यांनाच राहता येईल. म्हातारा नोकर निवृत्त झाला की घर रिकामं, रिकामं झालं की पाडायचं. कुणी बंदूक दाखवली नाही. १९६९ साली उरलेली घरं जाळली, आणि कशासाठी, तर आग विझवायचा सराव करायला. शेवटचा माणूस १९९६ साली दरीतून निघाला, तो उद्यानाचाच नोकर होता. आता संग्रहालयाच्या मागे बघणाऱ्यांसाठी झोपड्यांचं नमुन्याचं गाव उभं केलेलं आहे.

१९६४ साली तिथं कायदा झाला. 'अस्पर्श रान' म्हणजे काय, तर जिथं माणूस पाहुणा म्हणून येतो आणि राहत नाही, अशी व्याख्या त्यात केली. १९८४ साली योसेमिटीचा बहुतेक सगळा भाग त्यात घातला. सोपी वाट आहे ती दरी त्या हद्दीबाहेर राहिली, कारण तिथं रस्ते आहेत, हॉटेलं आहेत. म्हणजे बघा, रस्ता आणि हॉटेल राहू शकतं. ओक कुटणारी बाई राहू शकत नाही.

अजून एक. आरसे तळं गाळाने भरत चाललं होतं. तळं दिसायला तळं राहावं म्हणून आणि हिवाळ्यात बर्फाच्या रस्त्यांवर टाकायला, त्यातली रेती वर्षानुवर्षं उपसत होते. १९७१ साली थांबवलं. राष्ट्रीय उद्यानात! आपल्या पोराने घराच्या जोत्यासाठी नदीतून बैलगाडीभर रेती आणली तर गाडी जप्त होते. आणि माणसांनी जाळायचं बंद केल्यावर कुरणांवर दाट झाडी चढली, ओक गुदमरले, तेव्हा १९७० पासून उद्यानवालेच ठरवून आग लावायला लागले. हिकमत तीच, फक्त हात गणवेशातले.

आता दुसरी बाजूही सांगितली पाहिजे. उद्यान झालं नसतं तर काय झालं असतं? सोनंवाले, लाकूडवाले, मेंढरांचे कळपवाले यांनी ते रान ठेवलं नसतं. आसपासच्या डोंगरांचं त्यांनी काय केलं ते दिसतंच. उद्यानाने झाडं राखली हे खरं. आपणही आपल्या चुका झाकू नयेत. वणवा आपल्याही हातून सुटतो, गेल्या उन्हाळ्यात एका टेकडीचं काय झालं ते आपण पाहिलंय. पण रान राखायचं तर माणूस काढलाच पाहिजे, हे त्यातून कुठं सिद्ध होतं? रान खाणारे वेगळे होते आणि काढले गेले ते वेगळे.

मग आपल्या नदीकाठच्या पायवाटेचं काय?

यावर आपल्यात दोन मतं आहेत, लपवून उपयोग नाही. पोरं म्हणतात, वीटभट्टीवर जाण्यापेक्षा पाहुण्यांना रान दाखवलं तर काय वाईट? दिवसाची मजुरी गावातच मिळेल. ही गोष्ट हसण्यावारी नेण्यासारखी नाही. सहा महिने भट्टीवर काढलेल्या माणसाला 'तत्त्वासाठी थांब' असं सांगायचा हक्क आम्हालाही नाही. शहरातली चार माणसं आपल्या रानात चालली, त्यांना कुडा, ऐन, पळस ओळखता आला, तर त्यात आपलं काही जात नाही. वाटेला आमचा विरोध नाही.

विरोध आहे तो क्रमाला. आधी वाट आणि नंतर हक्क, हा क्रम आम्हाला मान्य नाही. आपला सामूहिक वनहक्काचा दावा अजून धूळ खात पडलाय आणि पायवाटेचा नकाशा मात्र तयार आहे. त्या नकाशावर आम्ही बोट ठेवून पाहिलं. नदीची दोन वळणं आपल्या मासे धरायच्या जागा आहेत. एका ठिकाणी वाट देवाच्या राईतून जाते. गुरं पाण्यावर उतरतात तो उतार 'विश्रांती स्थळ' म्हणून दाखवलाय. ज्याला तिथं विश्रांती घ्यायची आहे तो दुसऱ्याच वर्षी म्हणणार, इथं शेण फार आहे. तिसऱ्या वर्षी गुरांना बंदी. योसेमिटीत ११८ वर्षं लागली, १८५१ ते १९६९. इथं तेवढी लागणार नाहीत.

कायदा काय म्हणतो ते ग्रामसभेत मोठ्याने वाचा. २००६ च्या वनहक्क कायद्याचं कलम ४(५): हक्क तपासून मान्य करायचं काम पूर्ण होईपर्यंत ताब्यातल्या वनजमिनीवरून कुणाला हलवता येत नाही. कलम ३(२): गावाच्या सोयींसाठी वनजमीन देता येते, शाळा, दवाखाना, अंगणवाडी, पाण्याची टाकी, रस्ता अशी १३ कामं, तीही एका वेळी १ हेक्टरच्या आत आणि ग्रामसभेची शिफारस असेल तरच. त्या १३ कामांत पर्यटन नाही. शोधून पाहा, नाहीच. कलम ५: रान, पाणी आणि जनावरं राखायचा अधिकार ग्रामसभेचा. आणि कुणी सांगितलं की 'तुमच्याच वन समितीने ठराव दिलाय', तर विचारा की त्या समितीचा सचिव कोण? फॉरेस्टर. समिती म्हणजे ग्रामसभा नाही.

म्हणून पुढच्या ग्रामसभेत आम्ही हे मांडणार आहोत. सामूहिक दाव्याचा निकाल लागेपर्यंत नदीकाठी एकही खांब, फलक, फाटक नको. निकाल लागल्यावर वाट कुठून जाईल ते गाव ठरवेल, राई आणि मासेमारीच्या जागा सोडून. पावती ग्रामसभेची, पैसा ग्रामसभेच्या खात्यात. पावसाळ्यात आणि मोहाच्या हंगामात वाट बंद, कारण तेव्हा आपल्याला काम असतं. पोरांना यात काही कमी-जास्त करायचं असेल तर त्यांनी सभेत उभं राहून बोलावं, आम्ही ऐकू.

आणि सभेआधी एक काम प्रत्येक पाड्याने करायचं आहे. नदीच्या उगमापासून खाली बंधाऱ्यापर्यंत म्हाताऱ्या माणसांबरोबर चालत जा. प्रत्येक डोहाचं, खडकाचं, उताराचं, वळणाचं आपलं नाव वहीत लिहा. पोरांना अक्षर येतं, त्यांनी लिहावं. आमच्या एका पाड्याने सुरुवात केली तर पहिल्याच दिवशी, अर्ध्या वाटेत, ४१ नावं झाली. साहेबांच्या नकाशात त्या टप्प्यात एकच नाव आहे, 'पॉइंट क्रमांक ३'. वह्या सभेच्या आदल्या दिवशी कार्यालयात आणून द्या.