हलकी सायकल कुणाची?

घरात दोन सायकली असल्या की हलकी कुणाची आणि जड कुणाची, हे विचारावंच लागत नाही. गियरची, चकचकीत सायकल दहावी पास झालेल्या चिरंजीवांची. पुढे बास्केट, मागे कॅरिअर असलेली जुनी लेडीज सायकल आईची, नाहीतर ताईची. चिरंजीव पाठीला सॅक लावून ट्यूशनला जातात. आई त्या जुन्या सायकलवर दळण आणते, भाजी आणते, कधी गॅसची शेगडी दुरुस्तीला नेते. म्हणजे ओझं जिच्याकडे, तिचीच सायकल जड. कुणाला त्यात काही वावगंही वाटत नाही.

मी गेल्या वर्षी सायकल बदलली. जुनी वीस-बावीस किलोंची, नवी तेराच्या आसपास. सिडकोपासून औरंगपुऱ्यापर्यंत जाणं-येणं तेच, रस्ता तोच. फरक किती पडला, असं बऱ्याच जणी विचारतात, म्हणून जरा हिशेबच मांडते. समजा, बाईचं वजन 55 किलो, सायकल 22 आणि सामान 8. झाले 85. सायकल 13 किलोंची घेतली तर 76. म्हणजे एकूण वजन दहा-अकरा टक्केच कमी झालं. सपाट रस्त्यावर एकदा वेग धरला की हा फरक फारसा कळतही नाही, तिथं खरा विरोध वाऱ्याचा. वजन जाणवतं ते चढावर, आणि थांबून पुन्हा निघताना. जालना रोडला पुलाखालून जाऊन बघा. सेव्हन हिल्स, मोंढा नाका, क्रांती चौक, दर सिग्नलला पाय टेकायचा आणि मागून रिक्षा हॉर्न वाजवत असताना पुन्हा सायकल रेटायची. तिथं ते नऊ किलो आठवतात. आणि अपार्टमेंटचे तीन जिने चढवताना तर फारच.

पण खरं सुख दिलं ते गियरनं. साध्या सायकलला एकच चाल. चढ आला की उभं राहून सगळा भार पॅडलवर टाका, नाहीतर उतरून ढकला. गियरमध्ये पुढचं चक्र लहान, मागचं मोठं केलं की पाय जास्त वेळा फिरतात, पण जोर कमी लागतो. गुडघे कुरकुरायला लागलेल्या आपल्या वयाला हे कळायला हवं. शिवाय टायरमधली हवा. किती भरायची तो आकडा टायरच्या कडेलाच छापलेला असतो, आणि निम्म्या हवेवर चालवली तर महागातली सायकलही जडच लागते. नवी सायकल परवडत नसेल तर एवढं तरी आजच करा. सीटही वर घ्या. आपण पडायच्या भीतीनं दोन्ही पाय पूर्ण टेकतील इतकी खाली ठेवतो आणि मग मांड्या भरून येतात. पॅडल खाली असताना गुडघा जेमतेम वाकलेला राहावा, इतकी उंच हवी.

आता लेडीज सायकलीबद्दल. नाव ऐकून वाटतं, बायकांसाठी म्हणजे नाजूक, हलकी असणार. उलट आहे. जेंट्स सायकलची आडवी दांडी म्हणजे त्रिकोणाची एक बाजू, तिनंच सांगाड्याला बळकटी येते. साडीसाठी ती दांडी काढली की तेवढीच मजबुती यायला नळ्या जाड कराव्या लागतात. आणि ज्या खरोखर हलक्या असतात, त्यांना मडगार्ड नाही, चेनकव्हर नाही, कॅरिअर नाही, पुष्कळदा स्टँडसुद्धा नाही. ज्याला घरून काही न्यायचं नाही आणि घरी काही आणायचं नाही, अशा माणसासाठी ती बनवली आहे. ओढणी चेनमध्ये गुंडाळली जाईल, हा विचार ती बनवताना कुणी केला असेल?

तमिळनाडूतल्या पुदुकोट्टईत 1990 च्या दशकाच्या सुरुवातीला साक्षरता चळवळीबरोबर हजारो बायका सायकल शिकल्या. जिल्हाधिकारी होत्या शीला राणी चुंकत. लेडीज सायकली कमी पडल्या, तेव्हा बायकांनी बेधडक जेंट्स सायकली घेतल्या. दांडीवर लेकराला बसवता येतं, हा वर फायदा! बिहारनं 2006 साली नववीच्या मुलींना सायकलीसाठी पैसे द्यायला सुरुवात केली, आणि पुढे अभ्यासकांनी तपासलं तेव्हा माध्यमिक शाळेत जाणाऱ्या मुलींचं प्रमाण सुमारे तीस टक्क्यांनी वाढलेलं दिसलं. आपल्याकडे मानव विकास कार्यक्रमातून मागास तालुक्यांतल्या आठवी ते बारावीच्या मुलींना सायकलीसाठी रक्कम मिळते. त्याचं आयुक्तालय आपल्याच शहरात आहे. 2022 मध्ये ही रक्कम साडेतीन हजारांवरून पाच हजार झाली. चांगलंच झालं. पण पाच हजारांत हलकी, गियरची सायकल येत नाही, हे उघड आहे. पाच किलोमीटरवरून, घाटाखालच्या वस्तीतून, दप्तर घेऊन येणाऱ्या चौदा वर्षांच्या पोरीला किती किलो रेटावे लागतात, तेही त्या रकमेच्या हिशेबात धरायला हवं, असं मला वाटतं.

किमतीचं म्हणाल तर हलकी सायकल साधीच्या दुपटीहून महाग पडते. त्यातल्या त्यात बरं म्हणजे 22 सप्टेंबर 2025 पासून सायकलवरचा जीएसटी 12 टक्क्यांवरून 5 वर आला. त्याआधी सोन्याला 3 टक्के आणि सायकलला 12, ही गंमत आपण वर्षानुवर्षं मुकाट सोसली. "एवढ्यात सेकंडहँड स्कूटी आली असती," असं घरचे म्हणणारच. येईलही. मग पेट्रोलचे पैसे दर आठवड्याला कुणाकडे मागायचे, ते आधी ठरवून घ्या.

दुकानात गेलात की आधी सायकल दोन्ही हातांनी उचलून बघा, लाज वाटू देऊ नका. कॅरिअर, मडगार्ड, चेनकव्हर आणि स्टँड तिथंच बसवून घ्या. किलो-दोन किलो वाढतील, वाढू देत. मागच्या फ्रेमला कॅरिअरचे स्क्रू बसायला भोकं आहेत का, हे मात्र पैसे देण्याआधीच बघा. सगळ्या मॉडेलना नसतात. दुकानदार बहुधा विचारेल, "मॅडम, मुलाला किती उंचीची लागेल?" त्याला सांगा, माझ्या उंचीची दाखवा. आणि गल्लीतून एक चक्कर मारून आल्याशिवाय भाव करू नका.