आधी नाडी पाहा, मग पाना उचला

१९८० च्या दशकात रस्तोरस्ती दिसणारी प्रीमियर पद्मिनी आजही पुण्यातील काही हौशी मंडळींनी जपली आहे. अशा जुन्या मोटारीचे स्टिअरिंग सैल झाले, की सल्ला ठरलेला : "बॉक्सचा स्क्रू आवळा!" विद्यार्थी मित्रांनो, तपासणीआधी दिलेला हा सल्ला घातक आहे, असे माझे स्पष्ट मत आहे.

कारण पाहा. मोटार बहुतेक वेळ सरळच धावते. म्हणून स्टिअरिंग बॉक्समधील मळसूत्री दांडा, म्हणजे वर्म, मध्यभागी जास्त झिजतो आणि टोकांकडे कमी. मधली फट जाईपर्यंत स्क्रू आवळला, तर पुरते वळण घेताना, कमी झिजलेल्या भागात, स्टिअरिंग जखडते. कात्रजच्या घाटात असे झाले तर?

शिवाय दोष बॉक्समध्येच आहे, हे ठरवले कोणी? टायरमधील कमी हवा, चाकाचे सैल बेअरिंग, टाय रॉडचे झिजलेले सांधे यांनीही गाडी अशीच भरकटते.

तपासणी सोपी आहे. प्रथम हवा मोजा. मग गाडी सपाट जागी, इंजिन बंद व हँडब्रेक ओढलेला ठेवून एकाने स्टिअरिंग किंचित डावी-उजवीकडे हलवावे. मेकॅनिकने एकेक सांधा न्याहाळावा. ज्या सांध्यात हालचाल शिरते पण पुढे पोचत नाही, तेथे झीज आहे. नुसत्या जॅकवर उचललेल्या गाडीखाली मात्र कोणीही शिरू नये.

प्रयोगशाळेत आपण एका वेळी एकच गोष्ट बदलतो. गॅरेजमध्ये नियम वेगळा का असावा?