गृहकला : पहिली गोधडी

थंडीची चाहूल लागली की घरोघरी बिछान्यांची पेटी उघडली जाते आणि तळाशी ठेवलेली जुनी गोधडी बाहेर निघते. ती कोणी शिवली हे घरात सर्वांना ठाऊक असते. ती कशी शिवावी हे मात्र फार थोड्यांना ठाऊक असते. परवापरवापर्यंत मीही न जाणणाऱ्यांपैकीच होते.

आई गेल्यावर तिची दोन सुती लुगडी पाच वर्षे पेटीत तशीच पडून होती. त्यांना कात्री लावण्याचा धीर मला होत नव्हता. भावजयीला दिवस गेले तेव्हा आत्याबाई म्हणाल्या, "अगं, घडी करून ठेवलेले लुगडे घडीवरच विरते. त्याचे बाळासाठी दुपटे शिव. मला सुईचे नेढे दिसते आहे तोवर शिकून घे." आत्याबाईंच्या डोळ्यांत मोतीबिंदू उतरू लागला होता. मी त्याच दिवशी पेटी उघडली.

त्यांचा पहिला धडा असा की, नवशिक्या स्त्रीने मोठी गोधडी हाती घेऊ नये. एक मीटर लांब आणि पाऊण मीटर रुंद असे तीन थरांचे दुपटे प्रथम पुरे. कापड सुती आणि वापरून मऊ झालेले असावे. विरलेला भाग काढून टाकावा. एखादा तुकडा नवा घ्यायचाच असेल, तर तो आधी धुऊन वाळवावा. नाही तर पहिल्याच धुण्यात तो आटतो आणि सारे दुपटे चुरगळल्यासारखे होते.

दुसरा धडा मी चूक करून शिकले. तिन्ही थर एकावर एक पसरून मी लागलीच शिवावयास बसले. दोन संध्याकाळी शिवून झाल्यावर दुपटे उलटून पाहते तो खालचा थर जागोजाग गोळा झालेला! सर्व उसवावे लागले. मग आत्याबाईंनी थर जमिनीवर ताणून पसरविले, चारी कोपऱ्यांवर जड डबे ठेवले, मध्यापासून कडांकडे हात फिरवून सुरकुत्या काढल्या आणि त्याच दिशेने लांब लांब कच्चे टाके घालावयास लावले. हे टाके शेवटी काढून टाकावयाचे असतात. परंतु खरे काम तेच सांभाळतात.

त्यानंतर केवळ धावदोरा. दोरा हातभरच घ्यावा, लांब दोरा गुंततो. गाठ थरांच्या आत दडवावी, म्हणजे ती बाळाला टोचणार नाही. प्रत्येक टाका खालच्या थरापर्यंत गेला की नाही हे बोटाने चाचपावे. दोरा ओढून घट्ट करू नये, कापड आखडते. दोन ओळींत बोटभर अंतर ठेवावे. टाके आरंभी लहानमोठे येतात, त्याची खंत करू नये.

हा साधा टाका आपल्या देशात किती रूपांनी नांदतो! बंगालमधील कांथा जुन्या साड्यांच्या थरांवर याच टाक्याने भरली जाते. पूर्वी तिच्यासाठी रंगीत धागेही साड्यांच्या काठांतूनच काढीत. बिहारमधील सुजनी जुन्या साड्याधोतरांतून शिवून नवजात बालकासाठी वापरण्याची रीत आहे. कर्नाटकात, उत्तर कन्नड जिल्ह्यातील सिद्दी स्त्रिया 'कवंदी' कडेपासून शिवावयास घेतात आणि ठिगळाला ठिगळ जोडीत मध्यावर येतात. चारी कोपऱ्यांवर कापडाच्या घड्यांची 'फुले' बसविल्यावाचून त्यांना ती पूर्ण झाली असे वाटत नाही.

माझे दुपटे पुरे होण्यास दीड महिना लागला. पहिली ओळ वाकडी आली होती. ती उसवू लागले तेव्हा आत्याबाईंनी माझा हात धरला. "राहू दे. पुढच्या ओळी बघ, कशा सरळ होत गेल्या आहेत." बाळ आता त्याच दुपट्यावर निजते. उरलेल्या लुगड्याची मोठी गोधडी मी हाती घेतली आहे. आत्याबाईंना आता सुई ओवता येत नाही. ती मी ओवून देते आणि त्या बोटांनी चाचपून माझे टाके तपासतात.

आपल्या घरी किंवा शेजारी असा एखादा जाणता हात असेल, तर या थंडीत त्याच्यापाशी जाऊन बसावे. एक जुने लुगडे, एक सुई आणि रोजचा अर्धा तास, एवढे साहित्य पुरेसे आहे.