ठसा विकत घेण्याआधी कानस हातात घ्या

अंबरनाथ एमआयडीसीत लेथवर, मिलिंगवर, बेंचवर उभं राहणाऱ्या मंडळींनो, आणि उल्हासनगर-बदलापुरात घरच्या टेबलावर चामड्याची पाकिटं, पट्टे, डायरीची कव्हरं करणाऱ्यांनो, हे आवाहन तुम्हा दोघांना आहे. तुमची एकमेकांशी गाठ पडत नाही, म्हणून लिहावं लागतंय. चामड्याचं काम करणारे नक्षीचे ठसे ऑनलाइन मागवतात आणि परदेशी संचाला डोळे पांढरे होतील इतके पैसे मोजतात. त्याच वेळी शेअर रिक्षाच्या अंतरावर राऊंड बारचे वीतभर तुकडे बादलीत पडतात आणि भंगारवाल्याकडे जातात. चामड्यावर उठवायचा ठसा म्हणजे तसल्याच तुकड्याचं एक टोक सपाट करून त्यावर काढलेली आकृती. त्यात दुसरं काही नसतं.

टूलरूममध्ये काम केलेल्या माणसाला ठसा म्हटलं की ओएचएनएस, हार्डनिंग, टेम्परिंग आठवतं. ते इथे विसरा. आपल्याला पत्रा कापायचा नाही, ओलसर चामडं दाबायचं आहे. साधा एमएस चालतो, ईएन-८ चालतं, पितळ तर उत्तमच. एसएस ३०४चा बोल्ट घासायला चिवट, पण गंजत नाही. सवय झाली की शेवटचे ठसे त्याचेच करा. मोडलेलं ड्रिल, बोथट टॅप, जुनी कानस यांचा मोह मात्र धरू नका. ते पोलाद कडक आणि ठिसूळ असतं, ठोकताना त्याचा टवका उडू शकतो. पारख सोपी आहे. तुकड्यावर कानस फिरवा. नुसतीच घसरत गेली तर तुकडा परत बादलीत, बारीक कीस निघाला तर तुमचा. झिंक चढवलेला चकचकीत किंवा पिवळट बोल्ट असेल तर त्याचा थर कानशीने काढा, गॅसवर धरून जाळू नका. झिंकच्या धुराने संध्याकाळी हुडहुडी भरून ताप येतो, हे कुठलाही जुना वेल्डर सांगेल.

आणि तुकडा उचलण्याआधी सुपरवायझरला विचारा. भंगार झालं तरी माल कंपनीचाच असतो. डब्याच्या पिशवीतून चार बोटांचा बार बाहेर नेताना गेटवर पकडलं जाणं ही फार स्वस्तात जाणारी अब्रू आहे. बहुतेक मालक असे तुकडे हसत देतात. चिठ्ठीवर सही घ्या आणि उजळ माथ्याने घेऊन जा.

आता चामड्याकडे. ठसा कितीही सुबक केला तरी चुकीच्या चामड्यावर तो उठणार नाही, आणि नवशिके इथेच कंटाळून सोडून देतात. बाजारातली मऊ, रंगीत चामडी बहुतेक क्रोमने कमावलेली असतात. त्यावर ठसा मारला की खूण पडते आणि थोड्या वेळाने पुसट होते. रेक्झिनचा तर प्रश्नच नाही, ते मुळात चामडंच नव्हे. आपल्याला हवं झाडपाल्याने कमावलेलं. कोल्हापुरी चपलेचं चामडं परंपरेने बाभळीच्या सालीत आणि हिरड्यात कमावतात, तसं. धारावीत दुकानात ‘व्हेज टॅन’ म्हणून मागा आणि दुकानदार काय म्हणतो यापेक्षा पाण्याचा थेंब काय म्हणतो ते बघा. थेंब आत मुरून डाग गडद झाला, आणि त्या ओल्या जागी नख दाबल्यावर खूण तशीच राहिली, तर घ्या. म्हशीचं जाड चामडं घेतलंत तर त्याचा पोत भरड असतो, केसासारख्या बारीक रेघा त्यात हरवतात. तिथे ठळक, खोल आकृतीच शोभते.

पहिला ठसा पानाचा करा. ८ किंवा १० मिलिमीटरचा बार, साधारण ११० मिलिमीटर लांब. लेथवर दोन्ही टोकं फेस करून घ्या, वरच्या टोकाला चॅम्फर द्या. लेथ नसेल तर व्हाइसमध्ये बांधून सपाट कानशीने हेच काम होतं, फक्त तोंड गुण्यात आहे ना ते बघत राहा. तोंडाला मार्करची निळी शाई फासा, सुकू द्या आणि स्क्राइबरने पान ओढा. बाहेरचा आकार आधी घासायचा. बार गोल असतो, पान निमुळतं, म्हणून दोन्ही बाजूंनी सपाट कानशीने उतरत्या कडा द्या. मग सुई-कानशींच्या संचातली तिकोनी घेऊन मधली शीर पाडा आणि तिच्यापासून तिरक्या उपशिरा. खोली एक मिलिमीटर पुरे. चरांच्या भिंती उभ्या ठेवू नका, तोंडाकडे किंचित रुंद होऊ द्या. डाय करणारे ज्याला ड्राफ्ट म्हणतात तोच. नाहीतर ओलं चामडं चरात धरून बसतं आणि ठसा उचलताना कडा फाटतात.

कानशीच्या दर चार-पाच फटक्यांनी आंघोळीच्या साबणाच्या वडीवर दाबून बघा. साबण सगळं खरं सांगतो. कुठली शीर उथळ राहिली, कुठली वाकडी गेली, ते डोळ्यांना लोखंडावर दिसत नाही, साबणावर लगेच दिसतं. आकृती मनासारखी झाली की सर्वांत कंटाळवाणं काम राहतं, आणि ठसा चांगला की वाईट हे त्यावरच ठरतं: कडा मारणं. कानशीतून निघालेली कड धारदार असते. ती चामड्याला दाबण्याऐवजी कापते. २२० नंबरचा पॉलिश पेपर, मग ४००, मग ६००, आणि प्रत्येक बाहेरची कड अंगठ्याला गुळगुळीत लागेपर्यंत. हे काम भिंगाखाली करा. घाई झाली की इथेच होते.

चामडं किती ओलं हवं, याला मोजमाप नाही, पण खूण आहे. स्पंजने पाणी लावलं की रंग गडद होतो. थांबायचं. मूळ रंग परत येऊ लागला, पण गालाला लावल्यावर चामडं अजून गार लागतंय, ती वेळ. खाली ग्रॅनाइटचा जाड तुकडा, ठसा उभा, वरून लाकडी किंवा नायलॉनचा हातोडा आणि एकच नीट फटका. लोखंडी हातोड्याने ठशाचं डोकं छत्रीसारखं पसरतं आणि त्या पसरलेल्या कडेचे तुकडे सुटून उडतात. चष्मा लावा. ग्राइंडरवर असाल तर चष्मा हवाच, पण हातमोजे काढून. फिरत्या चाकात मोजा अडकला तर बोटासकट जातो.

विकतचे ठसे आधीच घेतले असतील तर तेही टाकू नका, सुधारा. स्वस्त संचातले अर्धे ठसे कडा मारलेल्या नसल्यामुळेच वाईट उठतात. काचेवर ६०० नंबरचा पेपर ठेवून तोंड हलकेच फिरवलं, बाहेरच्या कडा गोल केल्या, की तोच ठसा ओळखू येत नाही. दोन एकसारखे असतील तर एकाचा निम्मा भाग घासून काढा, कोपऱ्यात बसणारा नवा ठसा मिळतो. बेव्हलर, म्हणजे आकृतीच्या कडेने चामडं उतरतं दाबणारा ठसा, जास्त रुंद वाटतो? अरुंद करा, आतल्या वळणात जाईल. फक्त घासण्याआधी मूळ ठशाची खूण एका चामड्याच्या पट्टीवर उठवून ठेवा. काढलेलं लोखंड परत बसत नाही.

इथे एक गोष्ट कळकळीने सांगतो. विकतच्या ठशावर निकेलचा किंवा क्रोमचा मुलामा असतो, तो शोभेसाठी नाही. झाडपाल्याने कमावलेल्या चामड्यात टॅनिन असतं. ओल्या टॅनिनला लोखंड लागलं की काळा डाग पडतो. हिरडा आणि लोखंडापासून काळा रंग करण्याची जुनी रीत याच गुणावर उभी आहे. तुम्ही मुलामा घासलात की तिथे उघडं लोखंड आलं. एमएसचा ठसा असेल तर सगळाच उघडा. म्हणून काम झालं की पुसून तेलाचा हात फिरवा आणि वापरण्याआधी ते तेल पुसून टाका, नाहीतर चामड्यावर तेलाचा डाग. त्याहून मोठा शत्रू म्हणजे कानशीचा कीस. ज्या टेबलावर घासलंत तिथे ओलं चामडं अंथरू नका, ज्या कपड्यांत ग्राइंडिंग केलं त्याच कपड्यांत चामड्यावर वाकू नका. डोळ्यांना न दिसणारा कण सकाळपर्यंत मिरीएवढा काळा ठिपका होतो. पडलाच तर लिंबाचा रस लावून फिका करता येतो, पूर्ण जाईलच असं नाही.

मोठ्या ठशाची हौस सगळ्यांना येते. व्यास दुप्पट झाला की दाबायचं क्षेत्रफळ चौपट होतं. ८ मिलिमीटरच्या ठशाला जो फटका पुरतो तो १६ च्या ठशाला निम्माही पुरत नाही, मग लोक दोनदा मारतात आणि आकृती दुहेरी उठते. २० मिलिमीटरच्या पुढे हातोडा ठेवून द्या. कोणाच्या तरी शेडमध्ये हॅन्ड प्रेस रिकामा उभा असतोच. चहा पाजा आणि दहा मिनिटं मागा.

नक्षी कुठली, हे सांगायचा हक्क मला नाही, पण मत आहे. परदेशी संचातून येणारी तीच ती फुलं आणि वेली करून आपल्याला काय मिळणार? शके ९८२ म्हणजे इ. स. १०६० चं शिलाहारांचं शिवमंदिर अंबरनाथ गावातच उभं आहे. त्याच्या शिखरावरच्या उभ्या पट्ट्यांत गवाक्षांची जाळी आहे, घोड्याच्या नालासारखा एकच आकार लहानमोठा होत वर गेलेला. तो आकार एका अर्धगोल ठशात बसतो आणि ओळीने मारला की जाळी तयार. वही घेऊन जा, फोटो काढा. साबण, मेण, शाडू काहीही दगडाला लावू नका. वास्तू पुरातत्त्व खात्याच्या संरक्षणात आहे आणि दगड आधीच झिजलाय. कोल्हापुरीच्या पट्ट्यांवरची नक्षीही नीट बघा. २०१९ साली कोल्हापुरी चपलेला महाराष्ट्र आणि कर्नाटकातल्या आठ जिल्ह्यांसाठी मिळून भौगोलिक मानांकन मिळालं. नक्षी कुठूनही शिका, पण अंबरनाथला केलेल्या चपलेला कोल्हापुरी म्हणून विकू नका. जून २०२५ मध्ये मिलानच्या फॅशन शोमध्ये प्राडाने तसली चप्पल आणली, कारागिरांचं नाव घेतलं नाही, तेव्हा आपण सगळे तावातावाने बोललो होतो.

उल्हासनगरच्या जीन्सवाल्यांच्या संगतीत एक काम हमखास चालून येतं. कमरेच्या पट्टीवर लावायच्या चामडी लेबलासाठी अमक्या नामांकित ब्रँडचा ठसा करून द्या म्हणून. ‘मेड इन यूएसए’ म्हणजे उल्हासनगर सिंधी असोसिएशन हा विनोद जुना आहे, कायदा विनोद करत नाही. ट्रेडमार्क कायदा, १९९९ च्या कलम १०३ प्रमाणे खोट्या मार्कासाठी डाय किंवा ब्लॉक बनवणं, नुसतं जवळ ठेवणंसुद्धा गुन्हा आहे. शिक्षा सहा महिने ते तीन वर्षं, दंड ५० हजार ते दोन लाख. जीन्स विकणारा सटकेल, डाय तुमच्या बेंचवर सापडेल.

त्याऐवजी स्वतःच्या नावाचा ठसा करा. अक्षरं उलटी कोरायची हे सगळ्यांना माहीत असतं आणि तरी पहिल्यांदा सगळे चुकतात. बटर पेपरवर गडद पेन्सिलीने सुलट लिहा, कागद पालथा घालून तोंडावर ठेवा आणि मागून घासा. लोखंडावर आधी पांढरा पोस्टर कलर लावला असेल तर उलटं अक्षर नीट उतरतं. नावाचं पहिलं अक्षर पुरे. शिरोरेषा अक्षरापेक्षा थोडी जाड ठेवा, कारण फटका जरा तिरका बसला की तीच आधी पुसट होते. ‘ब’, ‘ष’ यांच्या पोटातली बंद जागा कानशीने पोकळ होत नाही, तिथे दीड मिलिमीटरचं ड्रिल उथळ उतरवा. पितळ घ्या, पहिल्या अक्षराला तेच सोसतं. आणि साबणाची वडी जवळ असू द्या.